अगस्तीची कालवड

विजेचे खांब खालच्या खोऱ्यात, दुकानापाशी येऊन थांबले ते थांबलेच. हा-फोकोआने गावाला त्याचं केवढं दुःख. दर सभेत कुणीतरी उठून खांबांचा विषय काढायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. मापुलेंग तेवढी डोलवायची नाही. ती मनात म्हणायची, देवा, अजून थोडे दिवस त्यांना तिथंच राहू दे. हे उघड बोलायची सोय नव्हती, लोकांनी वेड्यात काढलं असतं. तसं अर्ध्या गावानं काढलंच होतं म्हणा.

कारण बाईला ताऱ्यांचा नाद. कधी लागला ते तिलाही धड सांगता आलं नसतं. लग्न होऊन आली, वर्षभरात मुलगी पुलेंग झाली, तिच्यावरून लोक हिला मापुलेंग, म्हणजे पुलेंगची आई, म्हणायला लागले, आणि नवरा मोखेथी खाणीत कामाला गेला तो नाताळालाच घर बघायचा. पोर निजली, चूल विझली की करणार काय? कांबळं गुंडाळून दारापुढच्या दगडावर बसायची. आधी नुसतीच बसायची. मग एकदा तिच्या ध्यानात आलं, की परवा समोरच्या सुळक्यावर जो तारा टेकला होता तो आज जरा लवकरच टेकला. झालं. तेव्हापासून बाई हातची गेली. दुर्बीण नाही, पुस्तक नाही. दोन डोळे आणि एक कांबळं, एवढ्या भांडवलावर तिनं आभाळाशी घरोबा केला.

तिला जिराफ ठाऊक होते, दक्षिणेला मान उंच करून उभे राहणारे चार तारे. आभाळातली वीज जिथं निजते ती आकाशगंगेची पांढुरकी वाट ठाऊक होती. दक्षिणेला दोन फिकट ढग कायमचे असतात, मोठा सुगीचा आणि धाकटा दुष्काळाचा, त्यांच्याशी तर ती बोलायची. मोठ्याला म्हणायची, राहा बाबा. धाकट्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. नांगरणी सांगणाऱ्या कृत्तिका हिवाळ्याच्या तोंडाशी दिसेनाशा झाल्या की माहेरचं माणूस परत गेल्यासारखं तिला उदास वाटायचं. आणि रोज उठताना ती आभार मानायची. रविवारी चर्चमध्ये मानायची ते वेगळे. हे दगडावरचे आभार कुणाला पोचतात ते तिला नक्की ठाऊक नव्हतं. पण एवढं सगळं रोज कुणीतरी मांडून ठेवतं, त्याचा दाम मागत नाही, आणि आपल्याला बघायला डोळे आहेत, यावर गप्प कसं बसायचं असं तिला वाटायचं.

मोखेथी आता खाणीतून कायमचा परत आला होता आणि त्याला झोपेखेरीज काही नको होतं.

"चला की एकदा माझ्याबरोबर," ती म्हणायची. "आज काय सुरेख निघालंय."

"माझा जन्म गेला जमिनीखाली अंधारात," तो कांबळ्यातूनच बोलायचा. "आता वर आलो तर परत अंधारात बसू? तू बघ आणि सकाळी मला सांग. दार लाव जाताना."

गावात हा नाद असलेला दुसरा एकच माणूस, लेबुसा. लोक त्याला मानानं न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचे. खोगिरं शिवायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटा. तोंडाची टकळी मात्र अशी की समोर कुणी नसलं तर खोगिराशी वाद घालायचा. आभाळातलं त्याला मापुलेंगइतकंच कळायचं, बोलून मात्र तिप्पट दाखवायचा. कुंपणाच्या अल्याडपल्याड उभं राहून दोघं भांडायची. अमका तारा तांबूस की पिवळा, काल चंद्राशेजारी कोण होतं, असल्या गोष्टींवरून. लोक म्हणायचे, ही दोघं नातेवाईक असती तर एव्हाना एकमेकांना विष घातलं असतं.

आणि या दोघांची खरी झुंज अगस्तीवरून.

मे महिना सरत आला, इकडे दक्षिण गोलार्धात थंडी पडायला लागली, की डोंगरातल्या सगळ्या गावांचे डोळे अगस्तीकडे लागतात. संध्याकाळी पश्चिमेला दिसतो तो धरायचा नाही, तो जुना, थकलेला, घरी चाललेला. पहाटे उजाडायच्या आधी दक्षिणेच्या कड्यावरून जो नवा वर येतो तोच खरा. तो आला की हिवाळा आला, साल पालटलं. जो कुणी त्याला पहिल्यांदा बघेल त्यानं शिंग फुंकायचं आणि गावाला उठवायचं. मग मोरेना, म्हणजे गावचा प्रमुख, त्याला एक कालवड देतो, कपाळाला लाल माती लावून. दुसऱ्या गावांतून ही रीत बंद पडलीय. हा-फोकोआनेला मात्र मोरेनाच्या गादीवर मासेकाके बाई आल्या आणि त्यांनी ती हट्टानं चालू ठेवली.

लेबुसानं इतक्या वेळा शिंग फुंकलं होतं की त्याच्या गोठ्यातली अर्धी जनावरं आभाळातून उतरलेली. बाईनं मात्र कधीच नाही. मनाई होती असं नाही, पण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या साली जोआला प्यायला सगळे जमले होते, ज्वारीची चांगली आंबूस दारू होती, तेव्हा लेबुसानं सगळ्यांदेखत तिला चिडवलं.

"मापुलेंग, तू कशाला थंडीत कुडकुडत बसतेस? चुलीच्या धुरानं बायकांच्या डोळ्यांचं पाणी झालेलं असतं. तुला अगस्ती दिसेपर्यंत तो माझ्याकडं दुपारच्या जेवणाला येऊन बसला असेल."

"तुमच्याकडं जेवायला कोण येतंय, न्ताते लेबुसा? मक्याचा घट्ट पापा करपवून ठेवता रोज. तारा सोडा, कुत्रं फिरकत नाही."

लोक पोट धरून हसले, लेबुसाही हसला. पण ते चुलीचं बोलणं तिच्या मनात कुसळासारखं राहिलं. एकदा तरी ते शिंग आपण फुंकायचं. कालवड मिळाली तर मिळाली, घरात जनावर नको असतं असं नाही. पण एका बाईच्या सांगण्यावरून सगळ्या गावानं अंथरुणातून उठून वर बघायचं, हे तिला हवं होतं. इतकं हवं होतं की ते कुणाला सांगायचीही तिला लाज वाटायची.

यंदा मे उजाडला आणि लेबुसा डोळ्याला फडकं बांधून दारात बसलेला दिसला.

"पडदा आलाय," तो म्हणाला. "संपलं माझं. या वर्षी मी काही बसणार नाही. तू बघ."

मापुलेंगला वाईट वाटलं. जिंकायचं तर लेबुसाशी, नाहीतर जिंकण्यात राम काय? ती त्याच्याकडे रोज ज्वारीची आंबील घेऊन जायला लागली. तो मुकाट्यानं प्यायचा, भांडायचासुद्धा नाही. घरी येऊन ती मोखेथीला म्हणाली, "माणूस खचलाय हो." मोखेथी म्हणाला, "लेबुसा? तो मेल्यावर खचेल." पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

मे सरत आला तेव्हा एका पहाटे गावाच्या वरच्या सपाट खडकावर ती एकटीच होती, रात्रभर तिथंच बसलेली. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. शेकोटी तिनं पाठीमागे केली होती, कारण जाळाकडे बघितलं की डोळे बराच वेळ कामातून जातात. समोर दरी, दरीपलीकडे काळ्या कड्याची लांबलचक रांग. तिकडे आता माणूस नव्हता. पहिलं दहिवर पडलं तेव्हाच गुराखी जनावरं घेऊन खाली आले होते आणि वरचे गोठे ओस पडले होते. कड्याच्या वर सुगीचा ढग ओठंगून उभा होता. अगस्ती येणार तो त्याच्याच खालून.

आणि कड्याच्या खाचेत ठिणगी दिसली. आधी तांबूस, मग पिवळी, थरथरती. मापुलेंग उठून उभी राहिली.

आता ताऱ्यांच्या नादी लागलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल की उगवता तारा ओळखायचा तर थांबायचं. हात लांब करायचा, कड्याला बोटं लावायची आणि तो हलतो का बघायचं. तारा असेल तर वर चढतो, डावीकडे सरकतो. हे मापुलेंगनं स्वतः गावातल्या पोराटोरांना शिकवलं होतं. पण इतकी वर्षं ज्याच्यासाठी थंडी खाल्ली ते पुढ्यात आल्यावर बोटं कोण लावत बसतंय? तिनं शिंग उचललं आणि फुंकलं. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा असं वाजलं की खाली गावातली सगळी कुत्री उठली.

लोक कांबळी सावरत, ठेचकाळत वर आले. मासेकाके बाई तट्टावरून आल्या. "कुठंय? कुठंय?" "तो काय, खाचेत." "दिसला, दिसला." बायकांनी गळे ताणून आनंदाचा जो काय गलका केला, तो मापुलेंगनं आयुष्यात दुसऱ्यांसाठी कितीदा केला होता. आज तिच्यासाठी होत होता. मोखेथी अनवाणीच आला होता, आणि भेटेल त्याला सांगत होता, "मी म्हणतच होतो, हीच बघणार. मीच पाठवलं हिला." त्याच्या या थापेचाही तिला राग आला नाही. डोळे भरून आले तिचे.

"मापुलेंग," मासेकाके बाई म्हणाल्या, "कालवड तुझ्या दाराशी बांधायला सांगितलीय. माती मी स्वतः लावणार आहे तिला."

"मोरेना, मी काय बोलू," मापुलेंग म्हणाली, आणि पुन्हा कड्याकडे वळली.

तारा खाचेतच होता.

तिनं हात लांब केला. बोटं लावली. एव्हाना तो दोन-तीन बोटं तरी वर यायला हवा होता. लोक खालून चढून आले, बोलले, नाचले, एवढा वेळ गेला, आणि हा आपला खाचेतच. पूर्वेला उजळायला लागलं होतं. बारके तारे विझले, मग मोठे विझत चालले. अगस्ती असता तर तोही फिकटला असता. हा तांबडाच्या तांबडा. एकदम बसायचा, मग पुन्हा जरासा उचलायचा.

तिला कळलं. तो जाळ होता.

गप्प बसायचं, एवढंच तर होतं. थोड्या वेळात लख्ख उजाडलं असतं आणि सगळंच पुसलं गेलं असतं. उद्या नाहीतर परवा खरा अगस्ती आलाच असता, मग कोण विचारतंय? कालवड दारात, बायका कौतुकात, मोखेथी थापा मारण्यात दंग. मापुलेंगनं गप्प बसायचं ठरवलंसुद्धा. खोटं कशाला सांगा, ठरवलंच होतं तिनं.

पण डोळा तिकडून हटेना. चोर असतील का? चोर जाळ कशाला करतील, त्यांना दिसायचं नसतं. आणि तो जाळ बसत होता नि उचलत होता त्यावरून तिला स्पष्ट दिसत होतं, की कुणीतरी मूठमूठ झुडपं घालतंय, पुरवून पुरवून. इतक्या रात्री शेकोटीशी काढलेल्या बाईला हे कळणार नाही तर कुणाला? तिथं जे कुणी आहे त्याचं सरपण संपत आलंय.

"मोरेना," ती म्हणाली. "तो अगस्ती नाही. जाळ आहे तो. चुकलं माझं. घाई केली मी."

आधी कुणाला ऐकूच गेलं नाही. मग गेलं, आणि मग हशा पिकला. "घ्या. कालवड परत न्या रे." "चुलीचा जाळ बघितला असेल बाईनं." "मोखेथी, तूच पाठवलंस ना हिला?" मोखेथी अनवाणी पायांकडे बघत उभा राहिला. मापुलेंगचे कान तापले. पण ती मागे हटली नाही.

"हसा नंतर," ती म्हणाली. "वर माणूस आहे. थंडीनं मरतोय तो. आपलं कोण कमी आहे ते आधी बघा."

मासेकाके बाई हसल्या नव्हत्या. "गुराखी सगळे खाली आलेत?" त्यांनी विचारलं. सगळे आले होते, तिथंच उभे होते. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि बहुधा सगळ्यांच्या मनात एकदमच आलं. शिंग वाजलं आणि लेबुसा वाद घालायला आला नाही, असं कधी झालं होतं?

त्याचं दार बाहेरून दोरीनं बांधलेलं सापडलं. डोळ्याचं फडकं घडी घालून खोगिरावर ठेवलेलं होतं. पडदा कसला नि काय कसलं. काळ्या कड्याच्या माथ्यावरून दक्षिण अगदी तळापर्यंत उघडी दिसते. बेटा तिथं चढला होता सगळ्यांच्या आधी अगस्ती पकडायला, आणि टापा ऐकू येतील म्हणून तट्टूही नेलं नव्हतं.

"आणि मी त्याला आंबील पाजत होते," मापुलेंग म्हणाली. शिव्या तिनं वाटेसाठी राखून ठेवल्या, कारण गडी निघाले तशी तीही निघाली.

"तू कशाला?" एकानं विचारलं.

"जाळ नेमका कुठं होता ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोखेथी जोडे घालून आला आणि म्हणाला, "मीही येतो. हिला एकटीला सोडलं तर वर बघत चालेल नि दरीत जाईल." खरं म्हणजे त्याला तिच्याबरोबर राहायचं होतं. हसणाऱ्यांमध्ये तिला एकटीला सोडवत नव्हतं. तिला ते कळलं, आणि तिनं त्याचा हात एकदा दाबला.

दरी उतरून ओढा ओलांडून वर पोचायला दुपार झाली. लेबुसा एका ओस गोठ्याच्या दगडी भिंतीशी बसलेला होता. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला, ओठ निळे, पुढ्यात नुसती राख. त्यांना बघून तो पहिलं काय बोलला असेल?

"इतका उशीर?"

मापुलेंगनं तोंड उघडलं, पण त्याचे हात बघितले आणि मिटलं. झुडपं उपटून उपटून हातांची सालटी निघाली होती. तिनं आपलं कांबळं काढून त्याच्या अंगावर घातलं आणि त्याला गरम पेज भरवायला बसली.

"शिंग तू फुंकलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"काय बघून?"

"तुम्हाला बघून."

लेबुसा इतका हसला की पाय हलला आणि तो कळवळून ओरडला. मग मोखेथीनं त्याला बाकीचं सांगितलं. कालवड दाराशी बांधायला निघाली होती, बायका ओरडत होत्या, कुणाला काही शंका नव्हती, आणि हिनं आपण होऊन सांगितलं, सगळ्यांदेखत. लोक हसले, तेही सांगितलं. लेबुसानं वाद न घालता सगळं ऐकून घेतलं. गड्यांना वाटलं, ताप चढला असेल.

दोन काठ्या आणि कांबळी बांधून डोली केली, पायाला फळकुटं आवळली. ओढ्यापाशी येईतो दिवस बुडाला. तिथं गुराख्यांची एक रिकामी झोपडी होती, तीत सगळे टेकले. गडी दमून पडल्या पडल्या घोरायला लागले, मोखेथी सगळ्यांत आधी. मापुलेंग लेबुसाच्या उशाशी बसली.

"अगस्ती दिसला का तरी वरून?" तिनं विचारलं. राग अजून पुरता गेला नव्हता.

"बघितलाच नाही मी."

"म्हणजे?"

"पाठ फिरवून बसलो होतो रात्रभर. ज्याच्यासाठी चढलो त्याच्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही."

"मग काय बघत होता?"

"तुझी शेकोटी," लेबुसा म्हणाला. "पडलो तेव्हा अंधार पडत होता. सकाळपर्यंत काही मी टिकत नाही असं वाटलं. मग पलीकडं तुझी शेकोटी लागली. म्हटलं, आली बाई. मधूनच ती दिसेनाशी व्हायची. मग परत दिसायची. मग लक्षात आलं, तू हललीस की मधे येतेस. म्हणजे माणूस आहे तिथं आणि जागं आहे. शेकोटी दिसेनाशी होऊन परत दिसली की मी एक मूठ सरपण टाकायचो. असं करत करत रात्र काढली. माझा जाळ भिंतीआड होता, पहाटे भिंतीतले दोन दगड काढले तेव्हा कुठं तो तुला दिसला असेल. मधे एकदा बराच वेळ हलली नाहीस. तेव्हा तुला फार शिव्या घातल्या."

"झोपले नव्हते मी."

"ते मला तिकडं कसं कळणार?"

मापुलेंग वर बघून कुणाकुणाचे आभार मानत बसली होती, आणि तिच्या मागच्या जाळाकडे बघत दरीपलीकडे एक माणूस तिचे आभार मानत होता. तिला एकदम फार भाग्यवान वाटलं. गावानं हसावं, कालवड जावी, शिंग आयुष्यात पुन्हा हातात न यावं, चालेल. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप होता.

"शिव्या कुठल्या घातल्या?" तिनं विचारलं.

"उद्या सांगतो. बऱ्याच आहेत."

सकाळची दवाखान्याची गाडी गावापलीकडे खालच्या रस्त्याला गाठायची म्हणून उजाडायच्या बऱ्याच आधी ते निघाले. गावाकडची चढण होती. डोकं वर राहावं म्हणून गड्यांनी लेबुसाला डोक्याकडून पुढे घेतलं होतं, त्यामुळे सगळ्यांची तोंडं गावाकडे आणि त्याचं एकट्याचं मागे, कड्याकडे. मापुलेंग पुढे वाट दाखवत चालली होती. चढणाऱ्यांच्या धापेखेरीज आवाज नव्हता.

"थांबा," लेबुसा म्हणाला. "खाली ठेवा मला."

"आता काय झालं?" मोखेथी म्हणाला. "गाडी जाईल ना, न्ताते."

"पट्टी सैल झालीय. मापुलेंगला बोलवा. बायकांच्या हाताचं काम आहे."

गड्यांनी डोली टेकली आणि बोटांवर फुंकर घालत, कड्याकडून येणाऱ्या गार वाऱ्याला पाठ देऊन उभे राहिले. मापुलेंग खाली उतरून आली आणि त्याच्या पायाशी जायला लागली.

"तिकडं नाही. इथं, माझ्या डोक्याशी उभी राहा."

"पट्टी पायाला आहे ना?"

"मी सांगतो तसं कर की एकदा. हां. आता पायाकडं बघ. अंगठ्याच्या जरा वर."

तिनं बघितलं. त्याच्या सुजलेल्या अंगठ्याच्या वर, काळ्या कड्याच्या वर, सुगीच्या ढगाच्या बरोब्बर खाली, एक पांढराशुभ्र तारा नुकताच सुटा झाला होता.

तिनं हात लांब केला. या वेळी ती थांबली. गडी कुरकुरत होते, मोखेथी विचारत होता की किती सैल झालीय एवढी, आणि ती बोटं लावून उभी होती. तारा अंगठ्यावरून डावीकडे सरकला, वर चढला. तिनं हळूच खाली वाकून लेबुसाच्या तोंडाकडे बघितलं. तो तिकडेच बघत होता. तिला हाक मारायच्या आधीपासून बघत होता. जन्मभर ज्यानं आपण बघितलेला एक काजवासुद्धा गावाला सांगितल्याशिवाय सोडला नाही, तो ओठ दाबून पडला होता.

"बोल की बाई," तो कुजबुजला. "मला फार वेळ नाही गप्प राहता येत."

शिंग जवळ नव्हतं. मापुलेंगनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून गावाच्या दिशेनं अगस्तीच्या नावानं हाक दिली. आवाज मधेच फाटला, तिनं पुन्हा दिली. वर कुत्री भुंकली, दार वाजलं, कुणाच्या तरी बायकोनं आनंदाचा गलका सुरू केला आणि मग दुसरीनं. गडी गर्रकन मागे वळले. मोखेथीनं डोक्यावरची टोपी काढली आणि बायकोकडे बघत राहिला, ताऱ्याकडे त्यानं नंतर बघितलं.

"न्ताते लेबुसा," मापुलेंग म्हणाली, "उपकार झाले तुमचे."

लेबुसा मोठ्यानं रडायला लागला, आणि पाय फार दुखतोय म्हणून रडतोय असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मापुलेंगनं त्याच्या अंगावरचं कांबळं नीट केलं आणि गड्यांना म्हणाली की खरंच दुखत असेल हो, सावकाश उचला.